साहेबांचे फोन आमच्या घरी

त्या वर्षी जानेवारीत जिल्ह्यातल्या घराघरांत साहेबांचं कॅलेंडर लागलं आणि साहेबांचे फोन आमच्या घरी यायला लागले.

साहेब म्हणजे कोणी अधिकारी नव्हेत, शेजारच्या तालुक्यातले पुढारी. तसे ते तेव्हा कोणीच नव्हते, पण भावी होते. कमानीवर, जीपच्या काचेवर, गणपतीच्या मांडवावर, जिथे तिथे त्यांच्या नावाआधी 'भावी आमदार' असं लिहिलेलं असायचं. इतकी वर्षं ते तसं लिहिलं जात होतं की लहान पोरांना ते त्यांचं पाळण्यातलं नाव वाटे. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक होती, म्हणून साहेबांनी नेहमीच्या शुभेच्छापत्रावर न भागवता बारा पानी रंगीत कॅलेंडर काढलं. प्रत्येक पानावर साहेब कशाला तरी हात जोडून उभे. जानेवारीत झेंड्याला, मेमध्ये विहिरीला, ऑगस्टमध्ये बैलाला. खाली ठळक अक्षरांत 'आपल्या सेवेसाठी सदैव' आणि फोन नंबर. छापताना त्या नंबराचे शेवटचे दोन आकडे उलटे झाले, आणि तो आमचा नंबर झाला.

मी तेव्हा लग्न होऊन नगरहून कोल्हारला नुकतीच आले होते. एका हायस्कूलमध्ये शिकवायचे, एस.टी.ने जाऊन येऊन. यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, नगर-मनमाड रस्त्याला लागून विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरून देण्याचं, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळून देण्याचं, दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. मोटार झाली का, एवढं विचारायला शेतकऱ्यांना कामधंदा सोडून यावं लागे. म्हणून यांना फोन हवा होता. सासरे अण्णा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. फोनसाठी त्यांनी अर्ज केला तेव्हा हे आय.टी.आय.ला शिकत होते, आणि फोन आला तो आमच्या लग्नानंतर. येताना तो काही वाजत-गाजत आला नाही. खांबावरून एक तार लोंबत लोंबत शेजारच्या लिंबावर आली, तिथून आमच्या खिडकीत शिरली. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, फोनवर विणलेला रुमाल घातला आणि बुद्धमूर्तीशेजारच्या स्टुलावर त्याची स्थापना केली.

साहेबांचा पहिला फोन आईंनीच घेतला. दारात कोणी आलं की आई 'जय भीम' म्हणायच्या. फोनही दारातूनच आलेला पाहुणा, अशी त्यांची समजूत, म्हणून फोनवरही तेच.

"जय भीम. कोन बोलतंय?"

पलीकडून आधी नुसतं 'अं?' आलं. मग, "साहेब आहेत का?"

"कोन सायेब? हितं न्हाई कोनी सायेब. आमचे मालक हापिसात व्हते, पन ते बी रिटायर झाले."

संध्याकाळपर्यंत असे बरेच फोन आले. कोणाला साहेबांना शुभेच्छा द्यायच्या होत्या, कोणाला गावातला जळालेला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बदलून हवा होता. आम्हाला वाटलं, तारेत तार अडकली असेल. रविवारी मी पुढच्या महिन्यातल्या सुट्ट्या बघायला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरापुढे उभी राहिले, आणि हात जोडलेल्या साहेबांच्या पायाशी मला आमचा नंबर दिसला. तेच कॅलेंडर आमच्याही घरात लागलं होतं, आणि आठवडाभर कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

हे मोटारसायकल काढून सरळ साहेबांच्या संपर्क कार्यालयात गेले. तिथे टेबलामागे साहेबांचे पी.ए. बसले होते.

"साहेब दौऱ्यावर आहेत," त्यांनी वर न बघताच सांगितलं. "आधी फोन करून यायचं ना."

"कुठल्या नंबरवर?"

"कॅलेंडरवर दिलाय की. एवढा मोठा."

"तो माझा नंबर आहे."

पी.ए.नी वळून भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. "मग तुम्हाला तर पाठच असेल," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं नगरला माझ्या माहेरी गेलो होतो, तेव्हा तो छापखाना शोधून काढला. मालक अगत्यशील होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला, चूक आपली नसल्याचं सांगितलं आणि कॅलेंडराची एक प्रत आमच्यापुढे पसरली.

"नंबराचं सोडा हो, छपाई बघा. रंग कुठे फाकलाय का? बैलाचं शिंग बघा."

"शिंग चांगलं आहे," हे म्हणाले, "पण आमच्या फोनचं काय?"

"आता डिसेंबरपर्यंत कळ काढायची. वाटलेलं कॅलेंडर कोणी परत करत नसतं." मग जरा पुढे झुकून, "तुमच्या दुकानाचं काढायचं का पुढच्या वर्षी? नंबर मी स्वतः तपासतो."

राहिलं टेलिफोन ऑफिस. तिथल्या अधिकाऱ्याने यांना तीन प्रश्न विचारले. फोन लागतो का? लागतो. ऐकू येतं का? येतं. बिल वेळेवर येतं का? येतं.

"मग तक्रार कसली? बंद असेल तर सांगा, लिहून घेतो."

"लोक फार फोन करतात, ही तक्रार."

"अहो, फोन त्यासाठीच घेतात. नंबर बदलायचा तर सबळ कारण लागतं."

हे घरी येऊन चिडून सगळं सांगत होते तेव्हा अण्णा डोळे मिटून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "बरोबर बोलला तो. नियमाने अगदी बरोबर आहे." सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला एखादं काम नियमाने अडलेलं पाहून जे समाधान होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

धंद्याचे मात्र हाल झाले. ज्या शेतकऱ्यांसाठी फोन घेतला त्यांना तो लागेना. ते पुन्हा पूर्वीसारखे एस.टी.ने यायला लागले आणि वर ऐकवायला लागले, "फोन घेतला म्हणता आणि सदा बिझी." हे वैतागून रिसीव्हर काढून ठेवत. पुण्याहून नणंदेचा फोन यायचा असे, म्हणून अण्णा तो परत जागेवर ठेवत. दिवसभर बापलेकांचं हे काढणं-ठेवणं चाले. रॉंग नंबर म्हणून सांगावं तर लोक ऐकत नसत. "असं सांगायला साहेबांनीच शिकवलं असेल," असं म्हणून पुन्हा लावत. पुढाऱ्याच्या घरून 'नाहीत' हे उत्तर येणं त्यांना इतकं ओळखीचं होतं की त्यामुळे नंबर बरोबर असल्याची त्यांची खात्रीच पटे.

आई आधी सगळ्यांना तोडून टाकायच्या. ते बदललं एका बाईच्या फोनमुळे. मी त्या दिवशी घरी होते. बाई पारनेरकडच्या कुठल्याशा वस्तीवरची होती, बाजाराच्या गावी येऊन एस.टी.डी. बूथवरून बोलत होती. त्यांच्या वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा बंद झाला होता. आईंनी नेहमीप्रमाणे "नंबर चुकला बाई" म्हटलं. पलीकडून आवाज आला तो मलाही ऐकू आला.

"चुकला तर चुकला. मीटर पळतंय. आता नुसतं ऐकून तरी घ्या."

आई स्टुलाजवळ खाली बसल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वस्तीवर बाया किती हायेत? समद्या हायेत का धडधाकट? मग एकटीच कशाला फोन करती? समद्या मिळून तालुक्याला जा. हंडे घिऊन जा, रिकामे. आनि तिथं गेल्यावर बोलू नका काही. नुसतं बसा."

बऱ्याच दिवसांनी त्याच बाईचा पुन्हा फोन आला, तो अण्णांनी घेतला. टँकर सुरू झाला होता. "सायेबाच्या आईला सांगा म्हनावं," ती म्हणाली, "आमी बसलो आनि तासाभरात कचेरीतले समदे उठले."

त्या दिवसापासून आई साहेबांच्या आई झाल्या. कोणी केलं, कसं झालं, कळलं नाही. पारनेर, नेवासा, राहुरी, कुठून कुठून फोन यायचे आणि लोक म्हणायचे, "साहेब नसले तर चालतंय, आईंना द्या." आईंकडे काही अधिकार नव्हता, ओळखी नव्हत्या. त्या फक्त पूर्ण ऐकायच्या आणि मग रागवायच्या. दारू पिऊन नोकरी मागणाऱ्याला त्यांनी असं झापलं की त्याने फोनवरच शपथ घेतली. एकाने साहेबांना मुलाच्या लग्नाचं आमंत्रण दिलं आणि साहेब आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत असा शब्द दिला. आई म्हणाल्या, "तसलं काही करू नका. सायेब उशिराच येत्यात. मुहूर्तावर लगीन लावा, लोकं उन्हात बसवू नका." त्या माणसाला हा साहेबांचाच निरोप वाटला.

हळूहळू अण्णाही ओढले गेले. कुठल्या कामासाठी कुठल्या खिडकीत जायचं हे सांगण्यात त्यांना गोडी वाटायला लागली. जळालेल्या डीपीचं कोणी बोललं की आई दुकानाकडे तोंड करून ओरडायच्या, "आरं, ह्याला सांग कुनाला भेटायचं ते," आणि हे तोंडाने पुटपुटत का होईना, हातातली तार खाली ठेवून येत.

एकदा आई नदीवर गोधड्या धुवायला गेल्या होत्या आणि फोन मी घेतला. पलीकडचा आवाज मला लगेच ओळखू आला. आमच्या शाळेचे हेडमास्तर. शाळेत ते गरजत. फोनवर मात्र साखर पेरल्यासारखे बोलत होते.

"साहेबांच्या कानावर एक घालायचं होतं. माझी बदली हमरस्त्यावरच्या एखाद्या शाळेत झाली तर फार उपकार होतील. इथे शिस्त नाही. शिक्षक ऐकत नाहीत. एक कोल्हारच्या नवीन बाई आल्यात, त्या तर तोंडावर उत्तर देतात."

"हो का?" मी म्हटलं. "सांगते. कोण बोलतंय म्हणून सांगू?"

त्यांनी नाव, गाव, हुद्दा, सगळं व्यवस्थित सांगितलं. मग अदबीने विचारलं, "आणि आपण कोण बोलताय, ताई?"

"मी त्या कोल्हारच्या नवीन बाई."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. शेवटी मीच ठेवला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला पाहून नमस्कार केला, आणि वर्ष संपेपर्यंत माझा एकही मोकळा तास गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर लावला नाही.

उन्हाळा संपता संपता दुसरंच काहीतरी सुरू झालं. साहेबांच्या घरी फोन केला की 'जय भीम' ऐकू येतं, ही बातमी जिल्ह्यात पसरली. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला. कोणी म्हणालं साहेबांनी पक्ष बदलला, कोणी म्हणालं आघाडी झाली, फक्त जाहीर व्हायची राहिलीय. आमच्याच वस्तीतली जाणती माणसं एका संध्याकाळी अण्णांकडे आली आणि विचारायला लागली, "साहेब आपल्यात कधी आले? आम्हाला कोणी विचारलं कसं नाही?" अण्णांनी त्यांना कॅलेंडर दाखवलं, नंबर दाखवला, आकडे कसे उलटले ते दाखवलं. माणसं हसली, चहा प्याली आणि जाताना त्यातले एक आजोबा म्हणाले, "ते समजलं. पण आघाडीचं नक्की काय?"

आणि मग एके दिवशी मी शाळेतून आले तर दुकानापुढे दोन जीपगाड्या उभ्या. आत आमच्या लोखंडी खाटेवर प्रत्यक्ष साहेब बसले होते. कॅलेंडरातल्यापेक्षा थकलेले वाटत होते. हात जोडलेले नव्हते, त्यामुळे ओळखायला मला एक क्षण लागला. कार्यकर्ते भिंतीला टेकून उभे होते. हे दारात, अण्णा खुर्चीत, आणि आई साहेबांसमोर जमिनीवर बसून सुपात लसूण सोलत होत्या.

"मला लोक येऊन सांगतात," साहेब म्हणत होते, "की तुमच्या मातोश्रींशी बोलणं झालं, काम झालं. माझी आई जाऊन किती वर्षं झाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटाच आला हो."

"मी कुनाला सांगितलं न्हाई तुमची आई हाय म्हनून," आई म्हणाल्या. "लोकंच म्हनत्यात."

"आणि ते लग्न? मी पोचलो तर पंगती उठल्या होत्या. मला न विचारता अक्षता टाकल्या."

"मग काय, उन्हात बसवायचं व्हतं का लोकान्ला?"

साहेबांनी घसा खाकरला. मग जरा जपून म्हणाले, "आणि फोन उचलल्यावर तुम्ही जय भीम म्हणता."

"व्हय. मग? फोन माझा हाय."

हे दारातून एक पाऊल आत आले. साहेबांनी कार्यकर्त्यांकडे पाहिलं, कार्यकर्त्यांनी छताकडे पाहिलं.

"नाही, नाही, म्हणा की," साहेब घाईने म्हणाले. "उलट बऱ्याच गावांत त्याचा फायदाच दिसतोय."

आईंनी लसणाचं सूप बाजूला सारलं आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "फायद्यासाठी न्हाई म्हनत मी," त्या म्हणाल्या. साहेब काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला.

"घ्या," आई म्हणाल्या. "तुमचाच आसंल."

साहेबांनी सदऱ्याची बाही सावरून रिसीव्हर उचलला आणि भाषणातल्या आवाजात सांगितलं, "हॅलो, मी स्वतः बोलतोय." त्या फोनमधला आवाज खोलीभर ऐकू यायचा.

"स्वतः कोण?"

"साहेब. साहेब बोलतोय मी."

"खरे साहेब?" पलीकडचा माणूस जरा गोंधळला. मग म्हणाला, "बरं बरं. रामराम. आई आहेत का घरी?"

साहेबांनी निमूटपणे फोन आईंकडे दिला. आई बोलत होत्या तोवर त्यांनी चहा संपवला. कोणाच्या तरी मुलीला वसतिगृहात जागा मिळत नव्हती. आईंनी अण्णांना विचारलं, अण्णांनी अर्ज कोणाकडे करायचा ते सांगितलं, आईंनी पलीकडे सांगितलं. साहेब हे सगळं बघत होते. मला वाटतं, आपलं काम दुसऱ्याच्या घरी कसं चालतं हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

जाताना ते म्हणाले, "आई, पंचायत समितीला आता बायकांच्या जागा राखीव आहेत. तुम्ही उभ्या राहा. निवडून आणायची जबाबदारी माझी."

"आनि मग माझ्या नावाचे फोन कुनाच्या घरी जातील?" आईंनी विचारलं.

साहेब मोठ्याने हसले. ते हसल्यावर कार्यकर्तेही हसले. कॅलेंडरातला नंबर दुरुस्त करून पत्रकं वाटतो असं त्यांनी कबूल केलं आणि गाड्या गेल्या. पत्रकं आलीच नाहीत.

निवडणूक जवळ आली तेव्हा फोनला उसंत राहिली नाही. आणि मग साहेबांचं तिकीट कापलं गेलं. ते अपक्ष उभे राहिले. आईंनी त्यांना मत दिलं की नाही हे त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही. साहेब पडले, आणि तेही चांगलेच आपटून पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून आमचा फोन असा गप्प झाला की यांनी दोनदा उचलून टोन आहे का ते पाहिलं. कॅलेंडर अजून घराघरांत होतं, नंबरही तोच होता, पण पडलेल्या माणसाला कोणी विचारेना. हळूहळू यांच्या गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले. "झाली का हो मोटार?" "झाली." संपलं. हे खूश होते. अण्णा मात्र उगाच स्टुलापाशी घुटमळत, रुमाल सरळ करत. आईही फोन वाजला की हातातलं काम टाकून यायच्या, आणि मोटारीचं विचारणं ऐकलं की, "धर, तुझा हाय," म्हणून यांच्या हातात देऊन परत जायच्या.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी फोन आला. आईंनी घेतला.

"जय भीम. कोन?"

"जय भीम, आई. मी बोलतोय."

आईंनी आवाज ओळखला. "बोला सायेब. कसं हाय?"

"बरं आहे. घरीच असतो. हल्ली फोन येत नाहीत काही."

"आमच्याकडं बी न्हाई येत," आई म्हणाल्या. "मग आता जेवान येळेवर होत आसंल."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग त्यांचं बराच वेळ बोलणं झालं. पोरांचं, कांद्याच्या रोपाचं, गुडघेदुखीचं. शेवटी साहेबांनी कामाचं विचारलं. त्यांच्या विहिरीवरची मोटार जळाली होती.

दोन दिवसांनी ते मोटार घेऊन आले. जीप नव्हती. टेम्पो दुसऱ्याचा होता, तो मोटार उतरवून पुढे मनमाडकडे निघून गेला. दुकानाच्या बाकावर तीन-चार शेतकरी बसलेले होते, त्यांनी सरकून जागा दिली. कोणी ओळख दाखवली नाही, किंवा दाखवायची नाही असं ठरवलं असेल. मग कोणीतरी विजेचा विषय काढला, आणि साहेबांनी सरकारला, वीज मंडळाला आणि सगळ्या पुढाऱ्यांना अशा काही मोकळ्या मनाने शिव्या दिल्या की बाकावरची माणसं चकित होऊन ऐकत राहिली.

"आज मिळेल का?" त्यांनी यांना विचारलं.

"आज कसं होईल? तुमच्या आधीच्या मोटारी पडल्यात," हे म्हणाले. "झाली की फोन करतो. तुमचा नंबर आहे माझ्याकडे."

"बरं," साहेब म्हणाले आणि एस.टी.ला हात करायला उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. आईंनी दारातून हाक मारली, "आवो, आता गाडी न्हाई. चहा घिऊन जा." ते परत आले.